एका खिळ्यावर तीन वांगी

"रोहिणी, यांना जरा बाजूला सरकवता येईल का गं?"

मी हॉलमध्ये घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. समोर सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांची नजर भिंतीवर होती. 'यांना' म्हणजे माझ्या सासऱ्यांना. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून मधल्या भिंतीवर, चंदनाच्या हारात विराजमान होते. निवृत्त हेडमास्तर. फोटोतूनसुद्धा आता वही तपासायला मागतील असा चेहरा.

"कशाला, आई? धूळ पुसायचीय का?"

"धूळ नव्हे. माझं चित्र लावायचंय."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

आता आमच्या घराची अडचण सांगायला हवी. माझ्या नवऱ्याची, सुहासची, सांगलीहून नाशिकला बदली झाली होती आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मालक बोरसे, माणूस देवासारखा, पण भिंतीचा विषय निघाला की अंगात येई. किल्ली देताना म्हणाले होते, "ताई, घर तुमचंच समजा. फक्त भिंतीला भोक पाडायचं नाही. हॉलमध्ये एक खिळा आहे, तो वापरा." मग दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून यायचे आणि चहा पिता पिता चारी भिंतींवरून डोळे फिरवून जायचे. त्यामुळे आमचं घड्याळ टीव्हीशेजारी टेकून उभं असे, कॅलेंडर स्वयंपाकघराच्या कडीला लोंबत असे, आणि तो एकुलता एक खिळा सासऱ्यांच्या ताब्यात होता.

चित्रकलेचं खूळ घरात शिरलं ते आषाढात. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालायचंच होतं. योगासनांना गुडघे नाही म्हणाले, भजनाला गळा नाही म्हणाला, म्हणून उरलेल्या वर्गात गेल्या. तो निघाला जलरंगाचा. शिकवायला दाबकेबाई नावाच्या एक उत्साही बाई होत्या. पहिल्या दिवशी सासूबाई रंगांची पेटी, दोन ब्रश आणि जाड कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आल्या आणि चपला काढायच्या आधीच मला म्हणाल्या, "जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, ठाऊक आहे? पांढरं हवं असेल तिथं कागद सोडायचा."

"मग पेटीत पांढरी वडी कशाला दिलीय?"

"नवशिक्यांना फसवायला," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःला नवशिक्या होऊन दीड तास झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरावर धाड पडली. रंग कालवायला सात वाट्या हव्यात म्हणून जुना मिसळणाचा डबा बाहेर निघाला. तो कितीही घासला तरी हळदीच्या वाटीत केलेलं आभाळ हिरवं व्हायचं आणि मोहरीच्या वाटीतून एखादा दाणा चित्रात येऊन बसायचा. असा एक दाणा त्यांनी तसाच ठेवला आणि त्याला पक्षी म्हणाल्या. ब्रश धुवायचं भांडं आणि चहाचा कप शेजारी शेजारी असत. पंधरा दिवसांत त्यांनी तीनदा चहात ब्रश धुतला आणि एकदा दुसऱ्या भांड्यातला घोट घेतला. "साखर विसरलीस गं," एवढंच म्हणाल्या.

पाणी लागलं की कागद पापडासारखा फुगे. त्यावर दाबकेबाईंनी काय उपाय सांगितला होता कोण जाणे, पण आमच्या घरी चित्रावर पोळपाट ठेवला जाई आणि पोळपाटावर गव्हाचा डबा. एकदा सुहास फिरतीवरून भुकेला घरी आला आणि त्याने पोळ्या कुठायत म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "चित्र दाबाखाली आहे. भात खा."

वर्गातल्या बाकीच्या बायका सफरचंदं काढत होत्या, जास्वंद काढत होत्या. आमच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट काढत होत्या. वांगं. पहिलं वांगं बेडकासारखं दिसलं, दुसरं इस्त्रीसारखं. तिसरं पाहून सुहास म्हणाला, "अरे वा, बोरसे हुबेहूब आलेत."

"वांगंच का पण, आई?" मी एकदा विचारलं.

"आकार सोपा आहे," त्या म्हणाल्या आणि ब्रश झटकला. माझ्या पिवळ्या कुडत्यावर अजून तो जांभळा ठिपका आहे.

मला नवल वाटायचं कारण आमच्या घरात वांगं येतच नसे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला पहिली गोष्ट सांगितली होती ती हीच. "यांना वांगं चालत नाही. अंगावर पित्त उठतं." सासूबाईंचं माहेर भिलवडीचं, कृष्णाकाठचं. तिथली पांढऱ्या रेघांची काटेरी वांगी खायला लोक लांबून येतात. पण सासरी आल्यापासून त्यांनी घरात वांगं शिजवलं नव्हतं. एकटीपुरती भाजी वेगळी कुठे करायची, आणि घरातला माणूस खाऊ शकत नाही ते त्याच्यासमोर बसून कसं खायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. मी आपली ऑफिसमध्ये मैत्रिणींच्या डब्यातली वांगी खाऊन हौस भागवायची.

श्रावणात त्यांनी मला बाजारातून तीन वांगी आणायला सांगितली. "समोर ठेवून काढा म्हणाल्यात दाबकेबाई." मी शोधून पांढऱ्या रेघांचीच आणली. ती चार दिवस डायनिंग टेबलावर परडीत बसली, चित्रं झाली, देठ वाळले. मी म्हटलं, "सुकायच्या आत करून टाकूया का भरली वांगी?"

त्यांनी एकदम भिंतीकडे बघितलं. "नको गं. यांना चालत नव्हतं. कामवाल्या मावशींना देऊन टाक."

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी पित्ताची भीती जागेवर होती.

तेविसाव्या कागदावर चमत्कार झाला. एक परडी आणि तीत तीन वांगी, बस. पण जांभळा रंग कुठे गडद होत गेलेला, कुठे पाण्यात विरत गेलेला, आणि पांढऱ्या रेघांच्या जागी कागद अगदी बरोबर सोडलेला. देठावरचे काटेसुद्धा टोचतील असे. मी खरंच बघत राहिले. सासूबाई माझं तोंड बघत होत्या.

"बरं आलंय ना?"

"आई, बरं काय म्हणताय! सुंदर आलंय."

त्या लाजल्या. अडुसष्टाव्या वर्षी माणूस लाजलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दाबकेबाई म्हणतात, भिंतीवर लागलं की चित्र पुरं होतं. नुसतं गठ्ठ्यात ठेवलं, तर रांधून न वाढल्यासारखं."

इथून खिळ्याचं रामायण सुरू झालं. आधी मी चिकटवायचा हुक आणला. चित्र सकाळी लावलं आणि दुपारी पुठ्ठ्यासकट सुहासच्या डोक्यात पडलं. बोरसेंना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, एका खिळ्याला हो म्हटलं तर उद्या चाळणी होईल भिंतीची." म्हणजे राहिला तो एकच खिळा, आणि त्या गुरुवारी, मी शेंगा मोडत असताना, सासूबाईंनी तो प्रश्न विचारला.

"बाबांना उतरवून ठेवायचं कुठे?" मी म्हटलं. "कपाटात?"

"छे छे! कपाटात कसं? गुदमरतील." त्यांनी मान वाकडी करून फ्रेमची जाडी बघितली. मग म्हणाल्या, "उतरवायचंच नाही. त्यांच्याच फ्रेममध्ये काचेच्या आत माझं चित्र सरकवायचं. पुढं चित्र, मागं हे. खिळ्यावर तेच राहतील आणि चित्रही लागेल."

"आणि रविवारी श्राद्ध आहे त्याचं काय? बापूकाका येणार आहेत."

बापूकाका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. कराडचे. पितृपंधरवड्यात भावाच्या तिथीला न चुकता येणारे, आणि आल्यावर पाट कुठल्या दिशेला मांडला इथपासून सगळ्यांच्या चुका काढणारे.

"शनिवारी रात्री काढून टाकू की चित्र. तीन दिवस तर बघू दे मला."

सुहास फिरतीवर होता. घरात आम्ही दोघीच. मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि स्टुलावर चढले. फोटो आणि कागद जवळजवळ एकाच मापाचे निघाले, कडेची बोटभर पट्टी तेवढी कापावी लागली. फ्रेम परत खिळ्यावर गेली. चंदनाचा हार काढून ठेवायला सासूबाईंनी नाही म्हटलं. "हार त्यांचा आहे. ते आहेत ना आत."

अशी आमच्या हॉलमध्ये तीन वांगी हार घालून बसली.

त्या तीन दिवसांत सासूबाईंनी खुर्ची फिरवून घेतली. चहा वांग्यांसमोर, जेवण वांग्यांसमोर. शनिवारी संध्याकाळी मी स्टूल घेऊन गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, सकाळी काढू. भावजींची गाडी दहाला येते." मला कळत होतं की हे टाळणं आहे. पण त्या चित्राकडे अशा बघत होत्या की माझा हात उचलला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात सुहास, त्याच्यामागे बापूकाका. दोघांची स्टँडवर गाठ पडली होती. काकांना आदल्या रात्रीची गाडी मिळाली होती. मी दात घासता घासता, तोंडात ब्रश धरून दार उघडलं आणि तशीच उभी राहिले.

बापूकाकांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि नेहमीप्रमाणे आधी भावाच्या फोटोसमोर जाऊन डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले.

ते फ्रेमच्या अगदी जवळ गेले.

"सूनबाई," काका म्हणाले, "ही वांगी आहेत."

"हो, काका."

"दादा कुठाय?"

सासूबाई आतून पदर सावरत आल्या. "आहेत हो, भावजी. मागंच आहेत."

काकांनी दचकून मागे वळून बघितलं.

"तुमच्या नव्हे. चित्राच्या," मी ब्रश गालात सरकवून म्हटलं.

मग जे व्हायचं ते झालं. काकांचा आवाज बोरसेंपर्यंत पोचला असेल. "वहिनी, अहो, सत्तर वर्षांच्या व्हायला आलात! चित्रं काढा, नाच करा, मी काही म्हणत नाही. पण दादाच्या जागी वांगी? आज तिथी त्याची, आणि हार वांग्यांना?"

"त्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या पुढं..."

"आई, ते आधी उतरव," सुहास म्हणाला. तो खरंच दुखावला होता. "दुसरं काही काढायचं होतंस. बाबांना वांगं चालायचंसुद्धा नाही. नुसतं घरात आणलं तरी..."

"कुणाला चालायचं नाही?" काकांनी मध्येच विचारलं.

"बाबांना. पित्त उठायचं ना अंगावर."

"दादाला?" काका रागात होते, आणि रागात माणूस खरं बोलून जातो. "काय बोलतोस काय! अरे, आमच्याकडे कराडला आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचा, भरली वांगी केलीत का म्हणून. तुझी काकू करायची नेहमी. एका बैठकीला सहा खायचा. सहा! वर परत येताना डब्यात..."

काकांच्या लक्षात आलं तोवर डबा बाहेर पडला होता.

सासूबाई खुर्चीत बसल्या. अगदी सावकाश.

"सहा?" त्यांनी विचारलं.

काकांनी सुहासकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी अजून तोंडातला ब्रश काढला नव्हता.

"कधी सहा. कधी चार," काका म्हणाले.

"आणि पित्त?"

"कसलं पित्त, वहिनी?" आता काकांचा आवाज खाली आला होता. "मला एकदाच म्हणाला होता. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा केलीत ना वांगी, ती फार तिखट झाली होती म्हणे. नव्या नवरीला नावं कशी ठेवायची, म्हणून पित्ताचं सांगितलं. मग एकदा सांगितलं ते सांगितलं. हेडमास्तर माणूस, शब्द मागं कसा घेणार?"

सासूबाई मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. बोटांना अजून थोडा जांभळा रंग होता.

"हात कापत होता हो माझा त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "सासरचे सगळे पानावर बसलेले. तिखटाचा चमचा तिरका झाला. मला तेव्हाच कळलं होतं. एकदा जरी म्हणाले असते, 'अगं, तिखट झालंय,' तर दुसऱ्या दिवशी कमी घातलं असतं. शेहेचाळीस वर्षं, भावजी. भिलवडीला भावाकडे गेले तरी मी वांग्याला हात लावत नव्हते. म्हटलं, घरी यांना मिळत नाही, आपण कसं खायचं?"

मला त्या क्षणी सासऱ्यांचा असा राग आला की ते चित्रामागे होते तेच बरं. आणि सासूबाईंची इतकी माया दाटून आली की मी तोंड धुवायचं निमित्त करून आत गेले आणि थोडी रडले.

बाहेर आले तर सासूबाई स्टुलावर चढलेल्या. सुहास स्टूल धरून उभा होता. त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे सोडवले, चित्र बाजूला ठेवलं आणि फोटो बाहेर काढून पदराने पुसला. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र वाईट वाटलं. संपली म्हटलं हौस.

फोटो पाटावर मांडला. गुरुजी आले, श्राद्ध यथासांग झालं. सासूबाईंनी खीर, वडे, अळूची भाजी, सगळं अगदी चोख केलं. काकांना चूक काढायला जागा ठेवली नाही. पानं उठली, गुरुजी गेले. मग काकांनी फोटो आणि फ्रेम दोन्ही उचललं.

"सुहास, स्टूल आण. दादाला जागेवर बसवू."

"नको, भावजी," सासूबाई म्हणाल्या. त्या खरकटी ताटं गोळा करत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. "फ्रेम चित्राला लागणार आहे. आणि खिळा पण."

"मग दादा?"

"ते स्वयंपाकघरात. फ्रिजवर. तिथं खिळा लागत नाही." त्यांनी ताटं एकावर एक रचली. "उद्या भरली वांगी करणार आहे. बघू देत."

काका चकित. "अहो वहिनी, पितृपंधरवडा! चातुर्मास आहे. चातुर्मासात वांगं?"

"माझा शेहेचाळीस वर्षं चातुर्मासच चाललाय," सासूबाई म्हणाल्या. "आज सुटला."

शास्त्र शोधत बापूकाकांनी बडीशेप तोंडात टाकली. मग त्यांनीच स्टूल ओढलं आणि वांगी खिळ्यावर लावली. डावी बाजू वर आहे की उजवी, हे मात्र तीनदा बघून सरळ केलं. चंदनाचा हार सुहासने फ्रिजवर नेऊन ठेवला, पापडाच्या डब्याशेजारी, त्याच्या बाबांना.

सोमवारी मी रजा टाकली. सासूबाईंनी दाणे भाजले, खोबरं भाजलं, तीळ कुटले, चिंच भिजत घातली. हात ब्रश धरल्यासारखा हळू चालत होता. कृष्णाकाठची वांगी नव्हती, नाशिकच्या बाजारातली होती, पण पांढऱ्या रेघांचीच. दुपारी त्यांनी माझ्या पानात दोन वांगी वाढली आणि समोर बसल्या. स्वतःचं पान त्यांनी अजून घेतलं नव्हतं. फ्रिजवरून सासरे बघत होते.

मी पहिला घास घेतला.

डोळ्यांतून पाणी आलं. कानांतून धूर निघतो म्हणतात तो निघाला असावा. जीभ, टाळू, घसा, सगळीकडे वणवा. म्हणजे सासऱ्यांचं अगदीच काही खोटं नव्हतं. त्या माउलीचा हात तिखटाच्या बाबतीत अजून तसाच तिरका होता.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चित्र दाखवताना बघितलं होतं तशाच.

"बरी झालीत ना?"

माझ्या जिभेवर आलं होतं, 'फार छान झालीत, आई.' अगदी ओठापर्यंत आलं होतं. घरी पाहुण्यांनाही आपण असंच म्हणतो. पण माझी नजर फ्रिजवर गेली. ते हेडमास्तर तिथे बसले होते, एका चांगल्या शब्दापायी सहा वांगी परगावी जाऊन खाणारे.

"आई," मी नाक पुसत म्हटलं, "चव सुंदर आहे. पण तिखटजाळ झालीत. मला खाववत नाहीयेत."

त्यांचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, झालं, केलंस वाटोळं. त्यांनी माझ्या पानातलं अर्धं वांगं उचललं, तोंडात घातलं, दोनदा चावलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग पाण्याचं भांडं तोंडाला लावता लावता त्यांना हसू फुटलं आणि ठसका लागला. मी पाठ चोळत राहिले. ठसका थांबला तशी त्या खुर्चीवर वळल्या आणि फ्रिजच्या दिशेने म्हणाल्या, "ऐकलंत? हिनं सांगितलं. काय बिघडलं?"

मग मला म्हणाल्या, "दही घे त्याच्यावर. उद्या कमी घालते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निम्मं तिखट घातलं. मी सहा खाल्ली, मोजून.